'रोजा लागला' म्हणण्याआधी

असरची नमाज होते, इफ्तारला तास-दीड तास उरतो. स्वयंपाकघरात भजी तळायची तयारी, कुणी कलिंगड चिरतंय. अशा वेळी घरातले अब्बा विनाकारण चिडतात, हात थरथरतात, कपाळावर घाम येतो. विचारावं एक तर उत्तर दुसरंच. घरचे म्हणतात, "आज रोजा लागला त्यांना, पडू दे जरा." हे शब्द मायेचेच, पण अब्बांना मधुमेह असेल तर ते महागात पडू शकतात. तो थकवा रोज्याचा नसून रक्तातली साखर उतरल्याचा असू शकतो.

2001 मध्ये 13 देशांतील 12 हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांची रमजानविषयी पाहणी झाली होती. त्यात टाइप-2 मधुमेहींमध्ये साखर गंभीररीत्या उतरण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत सुमारे साडेसात पट आढळले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना तो बराच कमी.

अडचण अशी की लक्षणे नेहमी ठळक नसतात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम मात्र येतो. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्यांना कधी कधी पूर्वसूचनाच मिळत नाही. वयस्कर माणूस नुसता पेंगतो किंवा त्याची जीभ जड होते, आणि लकवा मारला म्हणून धावाधाव होते. म्हणून तर लकव्याचा संशय असलेला रुग्ण आला की डॉक्टर आधी त्याच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहतात.

साखर वर गेली तरी गल्लत होते, कारण तेव्हा तहान लागते आणि रोज्यात तहान कुणाला लागत नाही? फरक लघवीत दिसतो. पाणी न प्यायल्याने लागलेल्या तहानेत लघवी कमी आणि गडद होते. साखर वाढल्याने तहान लागली असेल तर घसा कोरडा असूनही लघवीला वारंवार जावे लागते. त्यात उलट्या, पोटदुखी आणि खोल, भरभर श्वास सुरू झाला तर इफ्तारची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ग्लुकोमीटरसाठी बोट टोचल्याने रोजा तुटतो, असा समज अजून अनेक घरांत आहे. तो तुटत नाही, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. आकडा ठीक असला तरी त्रास जाणवत असेल तर हेच करावे. साखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणाऱ्या शेजारच्या मधुमेही काकूंनाही यातले बरेचसे लागू आहे. वर त्यांच्या ताटात साबुदाणा आणि बटाटा, म्हणजे साखर चढवणारेच पदार्थ.

खरे तर डॉक्टरांची भेट रमजानपूर्वीच घ्यायला हवी. राहून गेली असेल तर आताही जावे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने, शिवाय पायांची संवेदना, एवढे पाहिले की कुणी रोजा धरावा आणि कुणी धरू नये हे बरेचसे ठरते. सकाळची गोळी आपल्या मनाने सहेरीला घेण्यात धोका आहे. वेळ आणि मात्रा डॉक्टरांनीच बदलून द्यायची असते.

आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्येच आहे. सुटलेले रोजे बरे वाटल्यावर, हवे तर हिवाळ्यातल्या लहान दिवसांत, धरता येतात. तेही कधी झेपणार नसेल तर एका रोज्यामागे एका गरजूला जेवण द्यायचे. त्यालाच फिदिया म्हणतात.