जुलाबात मिठासोबत साखर कशाला?

जुलाब लागले की मीठ-साखरेचं पाणी देतात, आणि त्यातली साखर अंगात त्राण यावं म्हणून असते, असा समज आहे. तो हिशेबात टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्राप्रमाणे लिटरभर जलसंजीवनीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे जेमतेम पन्नास कॅलरी, एका पोळीचीही बरोबरी नाही. तिथे साखर असते ती मिठाला आतड्याच्या पेशींत शिरता यावं म्हणून, आणि त्याचं कारण पेशीपटलाच्या घडणीत आहे.

१९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला. त्यानं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, म्हणजे पटलात मेदाचे दोन थर असणार. (मोजणीत त्यांच्या दोन चुका झाल्या होत्या, पण नशिबानं त्या एकमेकींना खोडून गेल्या.) या थरांतून ऑक्सिजन सहज जातो, विद्युतभार असलेलं सोडियम किंवा पाण्यात रमणारं ग्लुकोज मात्र अडतं. मग पटल म्हणजे बारीक भोकांची चाळणी म्हणावी, तर सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान असूनही पोटॅशियमच्या मार्गिकेतून त्याला जवळपास जाताच येत नाही. मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या मार्गिकेची रचना उलगडली, तेव्हा ही निवड तिथल्या प्रथिनातल्या अणूंच्या नेमक्या मांडणीमुळे होते हे दिसलं. काय आत जाईल हे आकारापेक्षा प्रथिनं ठरवतात.

आतड्यातलं असंच एक प्रथिन दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकदमच आत घेतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये या जोडवाहतुकीची कल्पना मांडली. तिला लागणारा जोर पेशीच्या दुसऱ्या बाजूच्या पंपातून येतो: तो तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे पेशीत सोडियमचा तुटवडा कायम राहतो आणि बाहेरचं सोडियम आत ओढलं जातं. त्यामागोमाग पाणी. कॉलऱ्याचं विष क्लोराइडच्या मार्गिका उघड्या ठेवतं, मिठाची नेहमीची एक वाट बंद करतं. ही जोडवाट मात्र शाबूत राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच वाटेच्या भरवशावर रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं.

यावर नेहमीची तक्रार अशी, की एवढं पाजूनही जुलाब थांबत नाहीत. खरं आहे, ते थांबवण्याचं काम या पाण्याचं नाहीच. जेवढं जातं तेवढं परत आत घेणं एवढंच त्याचं काम. बेशुद्ध किंवा अगदी गळून गेलेल्या रुग्णाला सलाइनच लावावं लागतं, हेही खरं. पण ‘मग साखर वाढवू या’ हे तर्कट घातक. जादा साखर आतड्यातच साचते आणि परासरणानं शरीरातलं पाणी बाहेर ओढते. गोड शीतपेयांनी जुलाब वाढतात ते यामुळेच. म्हणून सूत्रात सोडियम आणि ग्लुकोजच्या कणांची संख्या सारखीच, लिटरला ७५ मिलिमोल, ठेवली आहे. मीठ घातलेली भाताची पेज इथे उपयोगी पडते, कारण स्टार्चच्या लांब साखळ्यांमुळे कणांची संख्या कमी राहते आणि ग्लुकोज सुटतं ते थोडंथोडं, पटलाच्या अगदी जवळ.