चांदणं निळं नसतं

कोजागरीच्या संध्याकाळी रेवसच्या धक्क्यावर तैलरंग घेऊन बसणाऱ्यापुढे पाण्याआधी गाळ असतो. पौर्णिमेला उधाण, आणि या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास पूर्ण होते. म्हणजे चंद्र उगवताना धरमतरची खाडी ओसरलेली. पाण्यावरचा झगमगता पट्टा हवा असेल तर भरती चढू द्यावी. मात्र चंद्र फार वर जाण्याआधी रेखाटन उरकावं. चंद्र खाली असताना पट्टा लांब आणि अरुंद असतो, वर चढला की आखूड आणि रुंद होतो. लाटांच्या उतारांवरची असंख्य इवली प्रतिबिंबं मिळून तो बनतो, म्हणून प्रत्येकाला तो आपल्याकडेच येताना दिसतो. चित्रात तो चंद्राच्या सरळ खालीच उतरला पाहिजे.

रंगाचं कोडं याहून सुंदर आहे. चंद्रप्रकाश म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश, आणि तो उन्हापेक्षा किंचित तांबूसच असतो. पण पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखांश. एवढ्या मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी थकतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना तांबडा जवळजवळ दिसत नाही, निळसर हिरवा मात्र उजळ दिसतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे 1825 च्या सुमारास नोंदवलं. म्हणून होडीचा लाल पट्टा रात्री काळा पडतो आणि शेजारचा निळा टिकून राहतो. चित्रकाराने हेच रंगवायचं: प्रकाश नव्हे, डोळ्याला झालेलं दर्शन.

अडचण उजेडाची आहे. खरा चंद्र आणि काळं पाणी यांच्यातलं अंतर हजारो पटींचं. तैलरंगात पांढरा काळ्याहून साधारण तीसेक पटच उजळ. तेव्हा शुद्ध पांढरा फक्त चंद्रासाठी आणि पट्ट्यातल्या मोजक्या ठिपक्यांसाठी राखावा, तोही जाड लावून. बाकी सगळं खालच्या पट्टीत. आर्खिप कुइन्जी या रशियन चित्रकाराने 1880 मध्ये नीपर नदीवरचं चांदणं अंधाऱ्या दालनात एका दिव्याखाली मांडलं, तेव्हा प्रेक्षक थक्क झाले. ते रंग पुढे काळवंडले.

आपणही तेलाचा विचार करावा. जवसाचं तेल अंधारात ठेवलं की पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळं चढलं की चांदणं हिरवट दिसतं. पांढऱ्या-निळ्यासाठी करडईचं तेल बरं. ते कमी पिवळतं. पण सावकाश वाळतं, त्यामुळे वरच्या थरातच वापरावं.