घर पंचवीस मीटरचं, धान्य वर्षाचं
घरात काय ठेवावं, काय बाहेर ठेवावं?

सुगी आटोपली की खेड्यातल्या लहान घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. दारामागं ज्वारीची पोती, खाटेखाली तुरीचं गाठोडं, कोपऱ्यात सोयाबीनची थप्पी आणि तिला खेटूनच युरियाची गोणी. माणसांनी झोपायचं कुठं, हा प्रश्न रोज रात्री पडतो.

पूर्वी वाड्यात बळद असे, अंगणात कणगी असे, कुठं पेव असे. लातूर-उस्मानाबाद (आताचा धाराशिव) भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं कोसळली. पुनर्वसनात जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. घर पक्कं झालं, पण बळद गेलं. आज प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे. स्वयंपाकाची जागाही त्यातच. तेव्हा जागा वाढवण्यापेक्षा आधी मालाची वाटणी करायला हवी. खायचं किती, पेरायचं किती आणि विकायचं किती?

खायचं धान्य कोठीत

माणशी महिना १२ किलो धरलं, तर पाच माणसांच्या घराला वर्षाला ७ क्विंटल २० किलो धान्य लागतं. अडीच फूट रुंद आणि पाच फूट उंच अशा पत्र्याच्या गोल कोठीत सुमारे पाच क्विंटल गहू मावतो आणि फरशीवरची जागा जाते अवघी पाच चौरस फूट. अशा दोन कोठ्या घराला पुरतात. उंदराचा त्रासही वाचतो.

मात्र धान्य कडक वाळलेलं हवं. दाताखाली दाणा ‘कट्ट’ वाजला पाहिजे. उन्हातून आणलेलं गरम धान्य तसंच भरू नका, रात्रभर निवू द्या. नाहीतर आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. तूर, हरभरा यांची घरखर्चापुरती डाळ करून ठेवावी. भुंगा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, त्यामुळं डाळीला त्याचा उपद्रव कमी होतो आणि जागाही कमी लागते.

बियाणं जपून

सोयाबीनची साल फार नाजूक. पोतं वरून आपटलं किंवा थप्पी उंच झाली की खालच्या पोत्यातलं बी दबतं आणि जूनमध्ये उगवत नाही. मग दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसतो. बियाण्याची पोती गोणपाटाची असावीत, प्लॅस्टिकची नकोत. खाली लाकडी फळ्या टाकाव्यात, भिंतीपासून एक फूट अंतर सोडावं आणि चार-पाच पोत्यांच्या वर थर लावू नये. माळ्यावर पत्र्याखाली फार तापतं, तिथं बियाणं नकोच. माळा रिकामी भांडी, पाट्या, अंथरुणं यांच्यासाठी. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. ७० उगवले तर बी चांगलं.

विकायचा माल घरात कशाला?

घर अडतं ते विकायच्या मालानं. जागा नाही आणि पैशाची नड आहे, म्हणून शेतकरी सुगीतच पडेल त्या भावानं माल घालतो. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. ती राबवणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवला तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं सहा महिन्यांसाठी मिळतं. घर मोकळं होतं आणि भावाची वाटही पाहता येते. अर्थात भाव चढेलच असं नाही, हेही मनात धरावं. आपली बाजार समिती योजना राबवते का, याची चौकशी सुगीच्या आधीच करा.

औषध घराबाहेरच

जागा नाही म्हणून कीटकनाशकाची बाटली तेलाच्या बाटलीजवळ ठेवणारी घरं अजून आहेत. त्याहून घातक म्हणजे धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला हवेतला ओलावा लागला की विषारी वायू सुटतो. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथं ही गोळी कधीही वापरू नये. त्या विषावर उतारा नाही. किडीची शंका आली तर धान्य पुन्हा ऊन द्यावं, चाळावं, निवडावं. फवारणीची औषधं घराबाहेर कुलपाच्या पेटीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवावीत. खताची गोणीही धान्यापासून दूर, कोरड्या जागी असावी.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

घरकुलाचं काम लिंटेलपर्यंत आलं की लाभार्थ्याला एवढंच सांगा : आताच दोन फूट रुंद सज्जा काढून घे. १२ फुटांच्या एका भिंतीवर २४ चौरस फूट जागा निघते. नंतर भिंत फोडून ती काढणं जड जातं. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते, त्याच वेळी तारण योजनेची माहितीही वाचून दाखवावी. घर लहान असलं तरी बियाणं मरू नये आणि माणूस विषाशेजारी झोपू नये, एवढी तजवीज तर आपल्याच हातात आहे.