पत्ता कंपनीचा, आरोप मित्रावर!

मागच्या सेमिस्टरला आम्ही चौघांनी होस्टेलच्या मेससाठी छोटीशी वेबसाइट केली होती. मेनू बघायचा, तक्रार लिहायची, एवढंच. एका रविवारी रात्री कुणीतरी मेसच्या मावशींबद्दल अगदी घाणेरडा मजकूर टाकला. सर्व्हरच्या लॉगमध्ये आयपी अ‍ॅड्रेस होताच. मी लगेच 'हूइज' चालवलं. पत्ता आला नवी मुंबईचा! आमच्यातला एकच जण त्या वीकेंडला नवी मुंबईला घरी गेला होता. झालं! सोमवारी भर मेसमध्ये मी त्याला जाब विचारला. तो काही न बोलता ताट ठेवून निघून गेला.

चूक माझी होती. तुमच्या हातून तशी होऊ नये म्हणून हा लेख.

हूइज म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसचा सातबारा. जगात हे अ‍ॅड्रेस वाटणाऱ्या पाच प्रादेशिक संस्था आहेत. आपल्या भागाचं काम ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची 'एपनिक' बघते आणि भारतात २०१२ पासून 'इरिन'. या संस्था कंपन्यांना, कॉलेजांना अ‍ॅड्रेसचे गठ्ठे देतात आणि त्याची नोंद ठेवतात. लिनक्सच्या टर्मिनलवर हूइज टाइप करून पुढे आयपी द्या, ती नोंद समोर येते: गठ्ठा कुठून कुठपर्यंत, कुणाच्या नावावर, देश कुठला आणि तक्रार कुठे करायची. २०१५ मध्ये आरडॅप हा नवा प्रोटोकॉल आला. तो हीच माहिती वेबवरून, प्रोग्रॅमला सहज वाचता येईल अशी देतो.

आता एक प्रयोग करा. १.१.१.१ ची नोंद बघा. देश दिसेल ऑस्ट्रेलिया. मग त्यालाच पिंग करा. मला आकुर्डीत १० मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलं. ब्रिस्बेन इथून सुमारे दहा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद हवेत. मग उत्तर देणारं मशीन ऑस्ट्रेलियात असेल का? शक्यच नाही! नोंद एका जागी, मशीन दुसरीकडे.

चाकणला जाणारी कंपनीची बस आठवा. नंबर एमएच-१४, म्हणजे नोंदणी पिंपरी-चिंचवडची. पण बस आत्ता कुठे आहे आणि खिडकीत कोण बसलंय, हे नंबर प्लेट सांगत नाही. मला दिसलेला पत्ताही मोबाइल कंपनीच्या ऑफिसचा होता. त्या कंपनीचं सिम तर आमच्या अर्ध्या होस्टेलकडे आहे! शिवाय मोबाइलवर एकच आयपी एका वेळी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्या क्षणी तो कुणाकडे होता, हे फक्त कंपनीचा लॉग सांगतो. २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार असे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात.

आणि तिथेही चूक होते. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला. इंटरनेट कंपनीने दिलेल्या आयपीच्या माहितीवरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला अटक केली. माहिती चुकीची होती. त्या निरपराध माणसाचे ५० दिवस तुरुंगात गेले.

तेव्हा मंडळी, हूइज जरूर वापरा, पण एवढ्याचसाठी: तक्रार कुणाकडे करायची हे कळायला. तक्रारीत आयपी, पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहा. वेळ भारतीय की यूटीसी, तेही लिहा. साडेपाच तासांच्या घोळात भलताच माणूस सापडतो.

तो मजकूर कुणी टाकला ते अजून कळलेलं नाही. मी मात्र त्याच मेसमध्ये, सगळ्यांसमोर, मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "आधी मला विचारायचंस ना रे." हे कुठल्याच टूलमध्ये नाही!