वाटाड्याचा शब्द आणि आपली जीभ : नांदेड-लातूरची पायी फेरी

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली चार प्रमाणं पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, हे रोजच्या जगण्यात कुठं भेटतं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज ही चारही प्रमाणं घेऊन आपण रस्त्यावर उतरू. विषय आहे जुन्या शहरातली वाटाड्यासोबतची पायी फेरी आणि त्या फेरीतलं खाणं. शहरं आपलीच घेऊ, नांदेड आणि लातूर.

अशा फेऱ्या पुण्या-मुंबईत आता नव्या राहिलेल्या नाहीत. मांडणी साधी असते. दहा-बारा माणसं, एक माहीतगार, दोन-तीन तास, चार-पाच थांबे आणि मध्ये मध्ये काहीतरी घासभर खाणं. आपल्याकडे पाहुणा आला की काय होतं? नांदेडला रिक्षा करून गुरुद्वारा दाखवतो आणि गाडीत बसवून देतो. लातूरला तर विचारतातच, "मुलाच्या क्लासेससाठी आलात का?" एका शहराची एकच ओळख उरली की बाकीचं शहर लोकांच्या डोळ्यांआड जातं. आणि जे डोळ्यांआड गेलं, ते पाडायला निघालं तर हळहळणारंही कोणी उरत नाही. त्यामुळे पायी फेरी ही हौस असली तरी तिच्यात काहीतरी पणाला लागलेलं असतं, असं आम्हाला वाटतं.

आता पहिला प्रश्न. वाटाड्या घ्यायचाच कशाला? चार्वाकाला विचाराल तर तो म्हणेल, नको. त्याला प्रत्यक्षापलीकडचं काही मान्य नाही. तो थेट दुकानात जाईल, खाईल आणि तृप्त होऊन घरी येईल. त्याचं काही चुकलं असंही नाही. पण नदीकाठी उभं राहून नदी दिसते, ३०० वर्षांपूर्वी त्या काठावर काय घडलं ते दिसत नाही. त्यासाठी कोणाचा तरी शब्द लागतो. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण आहे, पण कोणाचाही नव्हे, आप्ताचा. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हेत, बरं का. ज्याला ती गोष्ट नीट ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारे वात्स्यायन पुढे जाऊन म्हणतात, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. म्हणजे आप्त होण्यासाठी कुळ, पदवी, ओळखपत्र यातलं काही लागत नाही. जन्मभर एकाच चौकात भाकरी विकणारी बाई त्या चौकापुरती आप्तच आहे.

ही कसोटी घेऊन आधी नांदेडला जाऊ.

सुरुवात सकाळी लवकर, सचखंड श्री हजूर साहिब इथे. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंह यांनी नांदेडलाच देह ठेवला. त्याआधी त्यांनी यापुढे ग्रंथ हाच गुरू असं सांगितलं. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. आजची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंहांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, आणि आत फोटोसाठी धडपडायचं नाही. बाहेर येताना हातावर कडाह प्रसाद मिळतो. वाटाड्या सांगतो की कणीक, तूप आणि साखर सारख्या मापाने घेतात. जिभेला माप कळत नाही, पण तूप कळतं. म्हणजे त्याच्या शब्दाला आपल्या प्रत्यक्षाचा निदान अर्धा आधार मिळाला. प्रमाणं अशी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालतात.

पुढे लंगर. आपण रांगेत जमिनीवर बसतो, ताटात वरण, भाजी, चपाती येते. एवढं प्रत्यक्ष. या पंगतीत राजा आणि रंक यांना वेगळा पाट नाही, हा तिचा अर्थ मात्र शब्दाने कळतो. अर्थ कळल्यावर तेच वरण वेगळं लागतं, हा अनुभव ज्याने त्याने घेऊन पाहावा. आणि बाहेर पडल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा. शेजारी कोण बसलंय हे न विचारता आपण आत जेवलो, ते गावाकडच्या पंगतीत आपल्याला जमतं का?

इथून घाटांकडे चालत जावं. नगीनाघाट, बंदाघाट. बंदाघाटाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो माधोदास बैरागी याच काठावर राहत होता. १७०८ साली त्याची आणि गुरूंची भेट झाली आणि तो बंदासिंह बहादूर होऊन पंजाबात गेला. शहरात भेटणाऱ्या दखनी शिखांशीही दोन शब्द बोलावेत. रणजितसिंहांच्या काळात पंजाबातून आलेले सैनिक इथेच राहिले, त्यांचे हे वंशज. त्यांच्या तोंडी अस्खलित मराठी ऐकली, की शीख म्हणजे पंजाबचाच ही आपली समजूत गळून पडते.

घाटावर वाटाड्या बहुधा गावाच्या नावाची गोष्ट सांगतो. शिवाच्या नंदीने गोदावरीच्या तटावर तप केलं, म्हणून नंदितट आणि त्याचं नांदेड. गोष्ट गोड आहे. चांगला वाटाड्या ती सांगताना "असं म्हणतात" हे दोन शब्द गाळत नाही. आणि पुढे हेही सांगतो, की वाशीमला सापडलेल्या एका ताम्रपटात नंदिकड असा उल्लेख आहे. तो ताम्रपट चौथ्या शतकातल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, आणि अभ्यासक नंदिकड म्हणजे नांदेडच मानतात. आता बघा, ही दोन्ही वाक्यं शब्दच आहेत, पण त्यांचं वजन एक नाही. "असं म्हणतात", "असं कोरलेलं आहे" आणि "मी पाहिलं आहे" या तीन वाक्यांत जो फरक करतो, त्याच्यामागे खुशाल चालावं. जो तिन्ही एकाच सुरात सांगतो, त्याच्याबरोबर फार तर चहा प्यावा.

नंतर किल्ला. गोदावरी त्याला तीन बाजूंनी वळसा घालते. पुढच्या काळात याच किल्ल्यात शहराच्या पाणीपुरवठ्याची यंत्रणा बसली. इथे वाटाड्याने थोडा वेळ गप्प राहावं आणि पाहुण्यांना विचारावं, "इथेच का?" उंच काठ, पायाशी नदी, भोवती तयार तट. उत्तर आपोआप सुचतं. याला अनुमान म्हणतात. स्वतः काढलेलं अनुमान माणूस विसरत नाही. सगळंच सांगून टाकणारा वाटाड्या आपल्याकडून हा आनंद हिरावून घेतो.

आणि मग इतवारा. जुन्या बाजाराचा हा भाग पुष्कळदा वगळला जातो. कधी गर्दीचं कारण देतात, कधी आणखी कशाचं. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड काय आणि लातूर काय, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तो काळ आपल्या सातबाऱ्यावरच्या शब्दांत आहे, तसाच ताटातही आहे. तहरीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या पाहुण्याला आम्ही सांगतो, "तहरी मसालेभातासारखीच असते, पण मसाल्याची चाल हैदराबादकडची." हे झालं उपमान. शास्त्रातलं उदाहरण गवयाचं आहे. गाईसारखा दिसणारा तो गवय, असं ऐकलेला माणूस रानात तो प्राणी पाहून ओळखतो. आमचा पाहुणा पहिल्या घासाला म्हणतो, "ही तहरी!" गंमत म्हणजे हा भात इथे मुसलमानांच्या घरी शिजतो तसा हिंदूंच्या घरीही शिजतो, आणि प्रत्येक घर आपलाच भात खरा मानतं. मराठवाड्याचा गेल्या दोन-अडीच शतकांचा इतिहास एका पातेल्यात दाखवायचा असेल, तर याहून सोपं साधन नाही. इतवारा वगळून नांदेड दाखवणारा खोटं बोलत नाही, पण जसं आहे तसं सांगण्याची इच्छा ही जी आप्ताची दुसरी अट, ती तो मोडतो.

आता लातूर. इथली फेरी गंजगोलाईपासूनच सुरू व्हावी. गोलाकार दुमजली बांधकाम, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूकडून येऊन मिळणारे १६ रस्ते. आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा, मुख्य इमारत १९१७ सालची. मध्ये उभं राहून एकेका रस्त्याकडे नाक करा. कुठे मिरचीचा ठसका, कुठे गुळाचा वास, कुठे चामड्याचा, आणि सराफ्याला अर्थातच वास नाही. शहर नाकाने वाचता येतं ते असं. बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली १९११ साली, गोलाई उभी राहिली १९१७ साली. लगेच म्हणावंसं वाटतं, रेल्वे आली म्हणून गोलाई झाली. थांबा. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं नव्हे. इथे शक्यता दाट आहे, पण तिला शक्यताच म्हणावं.

असाच एक मोह पापविनाश मंदिरात होतो. तिथल्या बाराव्या शतकातल्या, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या शिलालेखात या नगरात ५०० विद्वान राहत असल्याचा उल्लेख आहे. झालं! वाटाड्या लगेच सांगतो, "म्हणूनच तर आज लातूर पॅटर्न!" टाळ्या पडतात. पण मधली नऊशे वर्षं कुठे गेली? ते विद्वान आणि आजचे क्लासेस यांच्यामध्ये धागा दाखवा, मग मानू. आपल्या गावाचा अभिमान असावा, त्यासाठी हेत्वाभासाची गरज नाही.

भूकंपाचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसं गेली. बाहेरचे लोक त्याला लातूरचा भूकंप म्हणतात आणि गोलाईत येऊन पडझड शोधतात. किल्लारी इथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वाटाड्याने हे स्पष्ट सांगावं. दुसऱ्याचं दुःख आपल्या चौकात आणून दाखवू नये.

लातूरचं खाणं म्हणाल तर गाड्यावरचा निलंगा राइस आहे, औसा तालुक्यातल्या उजनीची बासुंदी आहे. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण लातूरचं सगळ्यात खास जेवण बाजारात विकत मिळत नाही. ते असतं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला. त्या दिवशी बाजार ओस पडतो आणि अख्खं शहर शेतावर जातं. भज्जी, आंबील, बाजरीची भाकरी, उंडे, खीर. भज्जीत शेतातल्या कोवळ्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या, बेसन आणि चिंच. हे खायला तिकीट नसतं, आमंत्रण लागतं, आणि ते मागितलं तर नाही म्हणणारा माणूस तिकडे सहसा सापडत नाही. खाद्यफेरीला इथे तिची मर्यादा कळते. काही चवी पैसे देऊन मिळतात, काही ओळख झाल्यावरच.

फेरीच्या शेवटी आम्ही एक थांबा सुचवतो. कुठल्याही हॉटेलात बसून पेलाभर पाणी मागावं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. हे ऐकल्यावर पेल्यात पाणी अर्धं टाकून उठणारा पाहुणा आम्ही तरी पाहिलेला नाही. पाण्याला चव नसते म्हणतात. त्या पेल्याला असते.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. फेरी हिवाळ्यात करा, मे महिन्यात मराठवाडा पायी पाहण्याचा हट्ट नको. घरून पोट भरून येऊ नका आणि पहिल्याच थांब्यावर पोट भरू नका. दुकानदार कामात असेल तर त्याला इतिहास विचारू नका, आधी काहीतरी विकत घ्या. वाटाड्याला ठरलेला मोबदला द्या. ज्ञान फुकट मिळालं की त्याची किंमत करायची सवय जाते. आणि त्याला निदान एकदा तरी विचारा, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" चांगला वाटाड्या या प्रश्नावर रागावत नाही, खुलतो.

जाता जाता एक काम देतो. तुम्ही जिथे राहता तिथला एक रस्ता निवडा आणि पुढच्या रविवारी एखाद्या लहान मुलाला त्या रस्त्याने घेऊन चला. जे सांगाल त्यातलं ऐकलेलं किती, वाचलेलं किती आणि पाहिलेलं किती, ते वेगळं करून सांगा. शेवटी काहीतरी खाऊ घाला. पुढच्या वेळी आपण याच अनुभवावरून प्रामाण्यवादाकडे, म्हणजे ज्ञान खरं आहे हे कळतं कशाने, या प्रश्नाकडे वळू.