‘ढ’ कोणाचा आणि फी कोणाच्या खिशातून?

मराठी शाळेने मागच्या बाकावरच्या पोराला वर्षानुवर्षे एकच अक्षर बहाल केले आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. २००७ साली ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि शहरातल्या पांढरपेशा घरांना एक नवा शब्द मिळाला, डिस्लेक्सिया. त्यांचे मूल ‘ढ’ राहिले नाही, ते ‘वेगळे’ झाले. मग मुंबई-पुण्यात तपासण्या, थेरपी, खास शाळा असा सगळा बाजार उभा राहिला. आमच्या वस्तीतल्या पोराच्या वाट्याला मात्र तेच जुने अक्षर उरले. ते वाचू शकले नाही, एका जागी बसू शकले नाही, तर तपासणी करा असे कोणी म्हणत नाही. ‘आईबाप शिकलेले नाहीत, अशा घरातले पोर दुसरे काय करणार?’ असे म्हणून अहवाल तयार होतो. एकाच लक्षणाला एका घरात निदान मिळते आणि दुसऱ्या घरात जात मिळते. आम्ही हा प्रश्न आरोग्याचा नव्हे तर सामाजिक न्यायाचा मानतो, तो यासाठी.

जुन्नर तालुक्यातील आळे गाव घ्या. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तो आळेफाटा याच गावाला लागून. कांद्याचा बाजार, टोमॅटोचे मळे, धरणाचे पाणी, त्यामुळे परिसरात पैसा आहे. रस्त्याने सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या धावतात. पण ज्याचा बाप बाजारात हमाली करतो आणि आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते, असा तेरा वर्षांचा मुलगा त्या बसमध्ये बसेल काय? समजा, कोणा जाणत्या शिक्षकाने सांगितले की हा मुलगा स्वमग्न आहे किंवा याला अध्ययन अक्षमता आहे. आईबाप पहिला प्रश्न विचारतात, याची शाळा कुठे? उत्तर मिळते, पुण्यात. दुसरा प्रश्न, फी किती? तिथे बोलणे थांबते.

आळे म्हटले की लोकांना रेड्याची समाधी आठवते. वेद बोलणाऱ्या रेड्याची ती कथा. चमत्कारावर आमचा विश्वास नाही, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. पण त्या कथेतली एक गोष्ट खरी वाटते. चार अनाथ लेकरांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मपीठापर्यंत पायपीट करावी लागली. एका कागदाशिवाय समाज त्यांना माणूस मानायला तयार नव्हता. आजही आळ्यातल्या आईला दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ससूनमध्ये खेटे घालावे लागतात. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर पडतात, एक मजुरी बुडते आणि वर पुढची तारीख मिळते.

हा कागद हवाच, कारण त्याच्याशिवाय कायद्याचे दार उघडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा. त्यात एकवीस प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले आणि स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना स्पष्ट स्थान मिळाले. दाखल्यावर चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत, असे कलम ३१ म्हणते. ‘पसंतीच्या’ हा शब्द वाचून आनंद होतो. पण आळ्यापासून एस.टी.ने रोज ये-जा होईल एवढ्या अंतरावर विशेष शाळाच नसेल तर पसंती कशातून करायची? मग खासगी संस्था उरते, आणि तिथली फी व्यवहारात आईबापच भरतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांचे काय, असे कोणी विचारील. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले वंचित घटकात आली, हे खरे. पण तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गात मिळतो आणि आठवीत संपतो. ज्याचे निदानच तेराव्या वर्षी झाले त्याच्यासाठी ते दार आधीच बंद झालेले असते. त्यातही फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे करण्याचा घाट घातला होता. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला म्हणून वाचलो.

आता पैशाचा हिशेब मांडू. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. शंभर दिवस पूर्ण काम मिळाले तरी हाती ३१,२०० रुपये. शहरातल्या खासगी विशेष शाळेची वर्षाची फी सहज लाखाच्या घरात जाते, आणि थेरपी, गाडीभाडे, वसतिगृह वेगळे. सरकार मदत कुणाला करते पाहा. दिव्यांग अपत्य असलेल्या करदात्याला आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५ हजारांची वजावट मिळते, दिव्यांगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. ज्याचे उत्पन्न कर भरण्याइतकेच नाही त्याला या वजावटीचा काय उपयोग? त्याच्यासाठी संजय गांधी निराधार योजना. तिचे मानधन दिव्यांगांसाठी १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. वजावट हक्काने मिळते, मानधनासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली होती. १९२७ साली मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी बजावले की, शिक्षण खालच्या वर्गांना जितके स्वस्त करता येईल तितके करा, आणि जे मागे आहेत त्यांना समान पातळीवर आणायचे तर त्यांना अधिक द्यावे लागेल. परीक्षेत अर्धा तास जास्त मागणाऱ्या मुलाची मागणी याहून वेगळी काय आहे? तरी आमच्यातलेच काही शिकलेले लोक लेखनिक घेणाऱ्या मुलाकडे ‘सवलतीचा’ म्हणून पाहतात. राखीव जागांवरून आपण ज्या नजरा सोसल्या, त्याच नजरा आपण या मुलांवर रोखतो आहोत.

तरीही कोणी पोटाला चिमटा काढून खासगी शाळेचा विचार करणारच. त्यांनी आधी विशेष शिक्षकाचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. संस्थेची दिव्यांग कायद्याखालची नोंदणी पाहावी. उद्घाटनाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळा पाहू नये, साध्या मंगळवारी दुपारी जावे आणि पोरे काय करतात ते डोळ्यांनी बघावे. मणी ओवण्यातच दिवस जात असेल तर ती शाळा नव्हे, पाळणाघर आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलाला पाळणाघराची फी का भरायची? दहावीला कुठल्या मंडळातून बसवणार, हे लेखी घ्यावे. देणगी मागितली तर देऊ नये. महाराष्ट्रात १९८७ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. आणि ‘सहा महिन्यांत मूल बरे करून देतो’ म्हणणारा, मग तो कोट घातलेला असो की अंगारा लावलेला, त्याच्या दारातून परत फिरावे. स्वमग्नता हा उतरवायचा ताप नाही. ज्या समाजाने देव्हारे बाहेर काढले त्याने लेकरासाठी पुन्हा देवऋषी घरात घेऊ नये.

आमचे स्पष्ट मत असे की, पुष्कळ मुलांसाठी गावातली शाळाच पुरेशी ठरू शकते, तिला तिचे काम करायला लावले तर. अध्ययन अक्षम मुलांना राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्राने १९९६ सालीच केली. जादा वेळ, लेखनिक, विषयातली सूट, हे सारे उपलब्ध आहे, पण मुख्याध्यापकांनी वेळेत प्रस्ताव पाठवला तर. शाळा झेपतच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिथे पाच विषय घेऊन दहावी होता येते. विशेष शिक्षकांबाबत २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पुढे ठरलेले प्रमाण असे की, प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग मुलांमागे एक शिक्षक हवा. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा खडसावावे लागले. शिक्षकच नेमायचा नाही आणि मग खासगी शाळा वाढल्या म्हणून गळा काढायचा, असा हा प्रकार आहे.

जुन्नरच्या लेण्यांमधले शिलालेख आमच्या लोकांनी वाचायला हवेत. दोन हजार वर्षांपूर्वी इथे धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणी होत्या. त्यांची दाने आणि त्यांच्याकडे ठेवलेल्या ठेवी दगडावर कोरलेल्या आहेत. कष्टकऱ्यांनी एकत्र येऊन खर्च उचलायचा, ही या मातीची बौद्ध परंपरा आहे. आळे, राजुरी, ओतूर, नारायणगाव इथल्या पाच-सहा घरांनी प्रत्येकी स्वतंत्र फी भरण्याऐवजी मिळून एका नोंदणीकृत विशेष शिक्षकाला आठवड्यातून दोन दिवस बोलावले आणि विहाराचे सभागृह दिले, तर खर्च कितीतरी वाटला जाईल. आपण जयंतीची वर्गणी गोळा करतोच. डी.जे.चा एका रात्रीचा आकडा आणि त्या शिक्षकाचे वर्षाचे मानधन शेजारी शेजारी मांडून पाहावे.

सगळाच भार वर्गणीवर टाकण्याचेही कारण नाही. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. तो पैसा कुणावर गेला, की वर्षअखेरीस भांडी आणि ब्लँकेट वाटून संपवला, हे विचारायचा अधिकार ग्रामसभेला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा भरते. गेल्या तीन वर्षांचा या निधीचा हिशेब लेखी मागणारा अर्ज सभेच्या आठ दिवस आधी द्यावा, ग्रामपंचायतीकडून पोच घ्यावी, आणि त्याच अर्जात विशेष शिक्षकाच्या मानधनाची व दाखल्यासाठी औंधला जाण्याच्या भाड्याची तरतूद मागावी. अर्जावर मुलाच्या आईची सही पहिली असावी.