सनद कोणाची? क्रौली, यार्कर आणि फ्रीमेसनरी (लेखांक ७)

अ‍ॅलिस्टर क्रौली (१८७५–१९४७) हा इंग्रज गूढविद्यावादी फ्रीमेसन होता की नव्हता, या प्रश्नाची ‘होय’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे कागदपत्रांनिशी देता येतात. त्याच्यापाशी दीक्षा होती, पदव्या होत्या, सनदाही होत्या. मात्र इंग्लंडच्या संयुक्त ग्रँड लॉजच्या लेखी त्यांतल्या एकाचीही किंमत नव्हती.

याचे मूळ मेसनरीच्या रचनेत आहे. तिला सर्व जगाचे असे मुख्यालय नाही. प्रत्येक ग्रँड लॉज स्वतंत्र असते. ती आपल्या हाताखालच्या लॉजना सनद देते आणि परक्या ग्रँड लॉजपैकी कोणाला मान्यता द्यायची हे स्वतः ठरवते. फ्रान्सच्या ग्राँ ओरिआँने १८७७ मध्ये ईश्वर मानण्याची अट आपल्या घटनेतून काढून टाकली. इंग्लंडमध्ये तर तीच पहिली अट, त्यामुळे संबंध तुटले. पुढे १८९४ मध्ये निघालेली ग्राँद लोज द फ्राँस ही वेगळी संस्था; पण इंग्लंडची मान्यता तिलाही नव्हती.

क्रौलीने १९०४ मध्ये पॅरिसमध्ये दीक्षा घेतली ती याच संस्थेच्या अँग्लो-सॅक्सन लॉज क्रमांक ३४३ मध्ये. वर्षअखेरीस त्याला तिसरी, म्हणजे मास्टर मेसनची, पदवीही मिळाली. पॅरिसच्या हिशेबाने तो पुरता मेसन झाला. लंडनमध्ये मात्र त्याला बंधू म्हणून लॉजचे दार उघडणे शक्य नव्हते. त्याआधी मेक्सिकोत आपल्याला तेहतिसावी पदवी मिळाल्याचे तो सांगत असे. त्या गोष्टीला आधार मुख्यतः त्याच्याच आठवणींचा, आणि स्वतःविषयी लिहिताना क्रौली हात आखडता घेणारा नव्हता.

वादातले दुसरे पात्र जॉन यार्कर (१८३३–१९१३). हा रीतसर दीक्षा घेतलेला मेसन. पण मेम्फिस आणि मिस्राईम या ‘प्राचीन’ म्हणवणाऱ्या, प्रत्यक्षात अर्वाचीन असलेल्या विधिपरंपरांचा त्याला विलक्षण नाद. मान्यता नसलेल्या या परंपरांच्या सनदा तो सढळ हाताने देई. त्याच्या ग्रंथाचे परीक्षण क्रौलीच्या ‘इक्विनॉक्स’ या नियतकालिकात आले आणि १९१० मध्ये त्याच्याकडून क्रौलीला तेहतिसाव्या पदवीचे प्रमाणपत्र मिळाले. जर्मनीच्या थिओडोर रॉयसनेही १९०२ मध्ये यार्करकडूनच अधिकार मिळवले होते. याच रॉयसने १९१२ मध्ये क्रौलीला ‘ओर्डो टेंपली ओरिएंटिस’ या संघटनेच्या ब्रिटिश शाखेचा प्रमुख नेमले. तिचे सुरुवातीचे विधी मेसनरीच्या विधींशी इतके जुळते होते की पुढे क्रौलीला ते बदलून लिहावे लागले.

यार्करच्या सनदा पॅरिस-बर्लिनपुरत्या राहिल्या नाहीत. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापिका हेलेना ब्लाव्हाट्स्की यांना त्याने १८७७ मध्ये ‘अ‍ॅडॉप्शन’ या स्त्रियांसाठीच्या विधिपरंपरेचे प्रमाणपत्र दिले. सव्वा वर्षाने त्या मुंबईत उतरल्या. इंग्लंडच्या संयुक्त ग्रँड लॉजमध्ये स्त्रियांना प्रवेशच नसल्याने त्या प्रमाणपत्राचे वजन यार्करच्या वर्तुळापुरतेच होते.

‘गोल्डन डॉन’ या इंग्लंडमधल्या गूढविद्येच्या संघटनेची गोष्ट याच्या नेमकी उलट. १८८८ मध्ये ती संघटना उभारणारे वेस्टकॉट, मॅदर्स आणि वुडमन हे तिघेही निर्विवाद मेसन. शिवाय केवळ मास्टर मेसनांनाच प्रवेश देणाऱ्या एका रोझिक्रुशियन मंडळाचेही ते सभासद. पदव्यांची उतरंड आणि दीक्षाविधीचा साचा त्यांनी तिथूनच उचलला. पण गोल्डन डॉनमध्ये स्त्रियांना प्रवेश होता आणि तिच्यावर कोणत्याही ग्रँड लॉजचा अंमल नव्हता. संस्थापक मेसन, संस्था मात्र मेसनिक नव्हे. फ्रेंच गूढविद्यावादी एलिफास लेव्ही याचा मेसनरीशी संबंध तर याहून क्षणिक: तो १८६१ मध्ये पॅरिसच्या एका लॉजमध्ये दाखल झाला आणि लवकरच बाहेर पडला. त्याची बकरमुखी ‘बाफोमेट’ची आकृती त्याआधीच छापून झाली होती.

तरीही ही आकृती मेसनांच्या गळ्यात पडली, ती मुख्यतः लेओ ताक्सीलमुळे. १८८१ मध्ये लॉजमध्ये शिरलेल्या आणि थोड्याच काळात हाकलल्या गेलेल्या या फ्रेंच लेखकाने पुढे कॅथलिक झाल्याचे सोंग केले आणि मेसन सैतानाची पूजा करतात अशा कहाण्या वर्षानुवर्षे छापल्या. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात त्याने सारे बनावट असल्याची कबुली भर सभेत दिली. अमेरिकन मेसन अल्बर्ट पाइक यांच्या नावावर खपणारे ल्युसिफरविषयीचे ‘अवतरण’ १८९४ मध्ये छापले गेले, म्हणजे पाइक वारल्यानंतर तीन वर्षांनी. तेही याच धामधुमीतले.